माळ्यावरची काडतुसांची पेटी: घासण्याआधी वाचा

प्रश्न असा आहे. अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका गावात पणजोबांचा वाडा उतरवताना माळ्यावर जाड फळ्यांची एक लाकडी पेटी निघाली. तिचं झाकण मधला तुकडा सरकवून उघडायचं आहे. ते चार बोटं सरकतं आणि अडतं. एका बाजूला तीन रेघांचा बाण कोरलेला आहे. त्याखाली 'एम' आणि 'एच' ही इंग्रजी अक्षरं आणि शेजारी पुसट ७ दिसतो. झाकणावर काळ्या शाईने मोडीत दोन ओळी लिहिल्या आहेत. घरात तिला 'बियाण्याची पेटी' म्हणत, कारण आजोबांच्या वेळेपर्यंत तिच्यात पेरणीची ज्वारी ठेवत. ही खरोखर एकोणिसाव्या शतकातली काडतुसांची पेटी आहे का? सुताराकडून रंधा मारून पॉलिश करून घ्यावी का? आणि अशा पेट्या जमवायच्या तर सुरुवात कशी करावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सुताराला सांगावा गेला असेल तर तो थांबवायला हवा. रंधा नको. पॉलिश पेपर नको, लाखेचं पॉलिश नको, पाण्याने धुणंही नको. पेटी आहे तशी सावलीत, भिंतीपासून वीतभर लांब, चार विटांवर ठेवा आणि पुढचं वाचा.

त्याहून आधीची एक गोष्ट म्हणजे सुरक्षा. झाकण चार बोटं उघडतं तेवढ्या फटीतून टॉर्चने आत बघा. हात घालू नका. ज्वारीची टरफलं, राख, कडुलिंबाची पानं दिसली तर ठीक. एखादं काडतूस, पितळी नळी, कागदी पुडकं किंवा काळी भुकटी दिसली, तर पेटी हलवू नका, घरातल्यांना बाजूला करा आणि ११२ ला फोन करून पोलिसांना कळवा. 'शंभर वर्षांची दारू, आता काय पेटणार' असं म्हणणारे शहाणे प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचं ऐकू नका. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणातलं मिश्रण. कोरडी राहिली तर ती शंभर वर्षांनीही तशीच पेटते. भिजून पुन्हा वाळली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या टोप्या, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या तांब्याच्या इवल्या वाट्या. त्यांतलं पाऱ्याचं संयुग नुसत्या घर्षणानेही पेटू शकतं. फळ्यांच्या सांध्यात अशी एखादी टोपी अडकलेली असू शकते, म्हणून सांधे सुईने किंवा पेचकसाने कोरू नका. तुमच्या पेटीत दोन-तीन पिढ्या बियाणं भरलं आणि काढलं गेलं, त्यामुळे धोका फारसा नसावा. तरीही टॉर्च आधी, हात नंतर.

आता पहिला प्रश्न. तुम्ही सांगितलेल्या खुणा एकमेकींशी जुळतात. मधोमध सरकणारं झाकण, जाड फळ्या, बाणाची खूण आणि 'एम एच' ही सगळी मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसांच्या पेटीची लक्षणं आहेत. ही रायफल ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली आणि १८८८ मध्ये ली-मेटफर्ड येईपर्यंत तीच त्यांची मुख्य बंदूक होती. म्हणजे तो पुसट ७ सत्तरच्या दशकातला असू शकतो. मात्र पेटीचा तळ पाहिल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तळ का, ते पुढे येईल.

या पेटीत ६०० काडतुसं मावत. दहा-दहाचं एक पुडकं, तपकिरी कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं, अशी साठ पुडकी. मार्टिनीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची. सहाशे गोळ्यांचं नुसतं शिसंच साडेअठरा किलोच्या वर जातं. त्यात दारू, पितळ आणि लाकूड वेगळं. दोन्ही बाजूंना दोरखंडाचे कान असतात ते यासाठी. दोरखंड गेला असेल तर त्याची भोकं तरी दिसतील. त्या भोकांच्या कडा बोटाने चाचपा. शेकडो वेळा उचललेल्या पेटीत दोर जिथे घासला तिथली कड गोलसर आणि गुळगुळीत झालेली असते. नकली पेटीत ती धारदार असते.

फळ्या सागवानी किंवा महोगनीच्या असतात. कोपरे खिळ्यांनी नव्हे, तर पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट सांध्यांनी एकमेकांत अडकवलेले. सुतार त्याला डव्हटेल म्हणतो. दोन टोकांकडे पेटीला तांब्याच्या पट्ट्या असत. तांबं का, हे मला कित्येकांनी विचारलं आहे. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते आणि दारूच्या कोठारात एक ठिणगी पुरते. म्हणून तिथे अवजारंसुद्धा तांब्यापितळेची ठेवत. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड महिनाभरात गंजतं, तांबं टिकतं. तुमच्या पेटीला पट्ट्या नाहीत असं दिसतं, पण त्यामुळे नाराज होऊ नका. खेड्यात तांब्याला नेहमी गिऱ्हाईक होतं, पट्ट्या तांबटाकडे गेल्या असणार. दोन्ही टोकांकडे लाकडावर फिकट पट्टा आहे का आणि त्यात ओळीने बारीक भोकं आहेत का, ते बघा. भोकांभोवती हिरवट छटा असेल तर ते तांब्याचं कीट.  पट्ट्या शाबूत असलेल्या पण कोऱ्या दिसणाऱ्या पेटीपेक्षा मी हिरव्या भोकांची पेटी आधी घेईन.

झाकणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती गोष्ट ऐकवून पेट्या विकल्या जातात. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना इथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा तळ नेस्तनाबूत केला. पुढे अशी कथा पसरली की काडतुसांच्या पेट्या स्क्रूंनी गच्च आवळलेल्या होत्या, पेचकस सापडेना, शिपाई गोळ्यांवाचून मेले. या कथेतला पेटीचा भाग टिकत नाही. झाकणाचा मधला सरकता तुकडा एकाच पितळी स्क्रूवर असतो. तांब्याच्या पट्ट्या त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, वरून जात नाहीत. घाईच्या वेळी बंदुकीच्या दस्त्याचा किंवा बुटाचा एक जोरदार फटका कडेवर बसला की स्क्रू उखडतो आणि तुकडा निघतो. ही रचना तुमच्या घरात आहे. सरकत्या तुकड्याच्या कडेला एकच स्क्रूचं भोक आहे का, ते बघा. ते ओरबाडलेलं, फाटलेलं असेल तर पेटी कधीतरी फटका मारूनच उघडली गेली. ती फट लाकडाच्या भुशाने बुजवू नका.

झाकणाच्या आत पातळ कथलाच्या पत्र्याचं अस्तर असे, ओल आत जाऊ नये म्हणून. त्याचे तुकडे कोपऱ्यांत अजून असतील. तुमच्या पणजोबांनी हीच पेटी बियाण्यासाठी का निवडली, ते इथे कळतं. दारू कोरडी ठेवणाऱ्या पेटीत ज्वारीचं बियाणंही कोरडं राहतं. किडा लागू नये म्हणून वरून राख आणि कडुलिंब घातला की झालं. इंग्लंडमधल्या वूलिचच्या किंवा पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या इंजिनियरला आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला एकच अडचण सोडवायची होती. मला या पेट्यांचा नाद लागला तो याच कारणाने. बंदुकांचं मला फारसं आकर्षण कधी नव्हतं.

मी एका गिरणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला होतो. यंत्राचे भाग, बॉबिन, धोटे लाकडी खोक्यांतून यायचे आणि खोक्यावरची अक्षरं वाचणं हे माझं रोजचं काम होतं. १९९१ मध्ये एका विणकराच्या घरी मागाशेजारी कांड्या ठेवायची पेटी दिसली, तिच्यावर बाण होता. भंगारवाले त्या खुणेला कोंबडीचा पाय म्हणतात. त्या कोंबडीच्या पायाचा अर्थ शोधता शोधता मी इथवर आलो.

सुरुवातीची माझी एक चूक सांगतो. तुम्हाला रंधा नको म्हणण्याचं कारण तिच्यात आहे. १९९४ च्या सुमारास मी सोलापूरच्या मंगळवार बाजारात एक पेटी घेतली. एका बाजूला चुन्याचा जाड थर होता, बाकी तीन बाजू लाकडाच्याच. मला वाटलं, घराला सफेदी करताना उडाला असेल. मी लिंबाचा रस आणि तारेचा ब्रश घेऊन दोन रविवार खपलो. चुना गेला, खालून बाण निघाला, डब्ल्यू डी ही अक्षरं निघाली. मी हरखून गेलो. दोन वर्षांनी त्याच घरातली दुसरी एक वस्तू बघायला गेलो, तेव्हा तिथल्या आजी भेटल्या. ऐंशी ओलांडलेल्या. मी पेटीचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "चुना कुठं गेला?"

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, ती याच प्रकरणात. आजी तेव्हा नव्या सून होत्या. "आमच्या मामंजींनी रातोरात फासलाता चुना," त्या म्हणाल्या. "सरकारी बाण बघून शिपायानं धरलं असतं की. पेटीत डाळ होती नुसती."

तो चुना मी लिंबाने खरवडून नालीत सोडला होता. बाणाची खूण जगात हजारो पेट्यांवर आहे. मार्शल लॉच्या रात्री सोलापुरातल्या एका घराने भीतीपोटी फासलेला चुना एकाच पेटीवर होता. ती पेटी अजून माझ्याकडे आहे. आजींनी सांगितलेलं मी त्याच दिवशी वहीत लिहून काढलं, तो कागद पेटीत ठेवला आहे. पण कागद म्हणजे चुना नव्हे.

म्हणून तुमच्या झाकणावरच्या मोडी ओळी मला बाणाइतक्याच मोलाच्या वाटतात. दुकानाचा हिशेब असेल, बियाण्याची जात असेल, कुणाला किती पायल्या दिल्या ते असेल. दिवसाउजेडी, उन्हात नव्हे तर सावलीत, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा फोटो काढा. शाईवर ओला हात लावू नका. सोलापूर-पुण्यात मोडी वाचणारी मंडळी आहेत, शिकवण्याचे वर्गही चालतात. ओळी वाचून घ्या आणि त्या कुणी वाचल्या, कधी वाचल्या हेही लिहून ठेवा.

आता खुणांचं वाचन. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. डब्ल्यू डी म्हणजे युद्धखातं. व्ही आर आणि मुकुट म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. दोन बाण टोकाला टोक भिडवून कोरलेले दिसले तर आनंद माना. त्याचा अर्थ माल सरकारने रीतसर निकालात काढून विकला. अशी पेटी पुढे व्यापाऱ्याच्या, विणकराच्या, शेतकऱ्याच्या घरी का दिसते, याचं उत्तर त्या दोन बाणांत असतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरं असत. ती खूण १८५८ नंतरच्या मालावर असण्याचं कारण नाही, कारण तेव्हा कारभार राणीकडे गेला.

बंदुकीचं नाव किंवा आकडा सर्वांत कामाचा. ५७७ हा इंचाच्या हजारांशात मोजलेला व्यास एनफिल्डचा आणि तिच्यापासून बनवलेल्या स्नायडरचा. स्नायडर १८६६ ची. तिचं धातूचं काडतूस वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतले कर्नल बॉक्सर यांनी घडवलं, म्हणून बॉक्सर हे नाव दिसतं. त्यानंतर मार्टिनी. ३०३ हा आकडा दिसला की पेटी १८८८ च्या नंतरची, आणि त्यासोबत कॉर्डाइट (काळ्या दारूच्या जागी आलेली बिनधुराची दारू) असं लिहिलं असेल तर १८९१ च्या आधीची नाहीच. मला एकाने ३०३ लिहिलेली पेटी 'सत्तावनच्या बंडातली' म्हणून दाखवली होती. सत्तावनचं काडतूस कागदी होतं, चरबी लावलेलं. त्यावरूनच तर कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये जानेवारी १८५७ ला पहिली कुजबूज सुरू झाली. आपल्याकडे हमखास ऐकू येणारी दुसरी कथा म्हणजे 'मन्रो साहेबाने भुईकोट घेतला तेव्हाची पेटी'. थॉमस मन्रोने सोलापूर घेतलं ते मे १८१८ मध्ये. त्या वेळी कोणत्याही पेटीवर मार्टिनी किंवा ३०३ असणं शक्य नाही. तेव्हाचा शिपाई कमरेच्या तोसदानात कागदी काडतुसं बाळगायचा आणि दारू पिंपांतून यायची.

भारतातल्या पेट्यांबाबत एक बारकावा आहे, इंग्लंडमधले संग्राहक तो विसरतात. सत्तावननंतर इंग्रजांनी ठरवून देशी पलटणींना एक पिढी मागची बंदूक दिली. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती, गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी देशी पलटणींकडे उतरली. त्यामुळे एकाच प्रकारच्या पेट्या आपल्याकडे इंग्लंडपेक्षा पुष्कळ वर्षं उशिरापर्यंत वापरात राहिल्या. पेटीवरचं साल आणि पेटी कोठारातून बाहेर पडल्याचं साल यांत फार अंतर असू शकतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याआधीच, १८६० मध्ये, रेल्वे पुण्याकडून सोलापूरपर्यंत पोचली होती. काडतुसाच्या बुडावर के एफ दिसलं तर ते खडकीचं. पण काडतूस दिसण्याच्या भानगडीत पडू नका, हे वर सांगितलंच आहे.

तळ का बघायचा, ते आता. पेटी आडवी करून तळाच्या फळीवर उजेड तिरपा टाका. वरच्या बाजूने सजवणारा माणूस तळाकडे लक्ष देत नाही. जमिनीवर ओढल्याच्या रेघा, ओलीचे डाग, मुंग्यांची माती हे सगळं तिथे असायला हवं. खिळे आणि स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. तो एखादाच असेल तर दुरुस्ती, सगळे तसेच असतील तर पेटी नवी. जुन्या स्क्रूची खाच बहुधा नेमकी मध्यावर नसते. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला, त्याआधीचा खिळा चौकोनी अंगाचा.

अलीकडे घरसजावटीसाठी जुनी वाटणारी खोकी बनवतात. चहाच्या पाण्याने किंवा आम्लाने लाकूड काळवंडवतात, वर इंग्रजी अक्षरांचा ठसा मारतात. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या नावाची खोकी त्यांत फार. ती शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, पण संग्रहात नको. ओळखायची तर झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या पेटीची झीज हात लागतो तिथे, कोपऱ्यांना आणि तळाच्या कडेला असते. सांध्याच्या खाचेत मळ घट्ट बसलेला असतो. नकलीत झीज सगळीकडे सारखी. आणि भंगारात सर्वांत जास्त दिसतात त्या पत्र्याच्या हिरव्या पेट्या, झाकणाला रबरी पट्टी असलेल्या. त्या विसाव्या शतकातल्या, बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या किंवा त्यानंतरच्या. चांगल्या असतात, हत्यारं ठेवायला उत्तम, पण तुमचा विषय तो नाही.

निगा राखण्याबद्दल. मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा, नाकातोंडावर रुमाल बांधून. जुन्या रंगात आणि अस्तरात शिसं असू शकतं. शेंदूर हासुद्धा शिशाचाच. लहान मुलांना लांब ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. जवसाचं तेल लावू नका. चार दिवस छान दिसतं, मग काळं आणि चिकट होतं, सोलापूरची धूळ त्यावर बसते ती निघत नाही. पितळेला चिंच-मीठ नको. लोखंडी भागावर गंज सुटत असेल तर कापसाच्या बोळ्याने शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात पुरे. लाकडाला भोकं दिसली तर पेटी पांढऱ्या कागदावर ठेवा. महिन्याभरात कागदावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग पेटी जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता आली तर कीड मरते आणि लाकडाला औषध लागत नाही. एका ओळखीच्या माणसाच्या आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये मी हे दोनदा केलं आहे. वाळवी असेल तर आधी जागा बदला. ऊन मात्र कधीच दाखवू नका. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात शंभर वर्षं टिकलेली फळी एका दुपारीत तडकते.

कायदा थोडक्यात. रिकामी लाकडी पेटी ठेवायला शस्त्र परवाना लागत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणून 'शोभेला चार काडतुसं ठेवू' हा मोह टाळा, रिकामी असली तरी. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी इंटरनेटवर चांगला भाव दिला तरी कुरियर करू नका. आणि लष्करी कोठारातून 'बाहेर आलेला' माल कुणी दाखवला तर हातही लावू नका. पावती नसेल तर व्यवहार नाही.

भाव किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. घरची पेटी विकू नका, एवढंच सांगतो.

संग्रहाची सुरुवात एका वहीने करा, पेटीने नव्हे. पहिली नोंद याच पेटीची. वाडा कोणाचा, माळ्यावर कुठल्या बाजूला होती, शेजारी काय होतं, कुणी खाली उतरवली, तारीख. वाडा अजून पूर्ण उतरला नसेल तर माळ्याचा फोटो आजच काढा. घरात सर्वांत वयस्कर कोण असेल, त्यांना पेटीजवळ बसवून विचारा. फोनवर नको. पेटीवर हात ठेवला की माणसाला आठवतं. मग जुन्या पेठांतून वाडे पडताना लक्ष ठेवा, मंगळवार बाजारात महिन्यातून एकदा चक्कर मारा, पुण्याला गेलात तर जुना बाजार बघा. अक्कलकोटला राजवाड्यातलं शस्त्रागार तुमच्या गावाच्या वाटेवरच आहे. तिथे बंदुका डोळ्याखालून घाला, म्हणजे पेटीवरची नावं नुसती अक्षरं राहणार नाहीत. पहिल्या वर्षी काही विकत घेऊ नका, फक्त बघा, मोजा, लिहा. मी पहिल्या तीन वर्षांत घेतलेल्या सातांपैकी चार पेट्या पुढे विसाव्या शतकातल्या निघाल्या.

आणि अडकलेलं झाकण. पावसाळी हवेत सागवान फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. तेल सोडू नका, हातोडीने ठोकू नका, दोघांनी धरून ओढूही नका. खाचेची कड एकदा तुटली की ती जोडता येत नाही. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबा. संक्रांतीच्या सुमाराला हवा कोरडी झालेली असते, फळी आपोआप आवळून येते. तेव्हा दोन अंगठ्यांनी सरळ रेषेत हळू ढकला. सरकलं, तर आत जे काही असेल, ज्वारीचा दाणा का असेना, बाहेर काढण्याआधी आहे तिथेच त्याचा फोटो काढा आणि मला तळाचा फोटोही त्याच्यासोबत पाठवा.